वनस्पतीजन्य प्रथिनांत काम करायचंय? मग फूड टेकला या

बारावीची मुलं मला सारखं विचारतात, "प्लांट-बेस्ड फूडची डिग्री कुठे मिळते?" त्या नावाच्या मागे लागू नका. चार वर्षांचं बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ सालचं; प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो. भोवताली सगळा सोयाबीनचा पट्टा, त्यामुळे कच्चा माल दाराशीच.

खरा विषय कळतो तो प्रात्यक्षिकात. भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात वाटलं की दुधाला तो ओळखीचा उग्र, कच्चट वास येतो. दाणा फुटताच लिपॉक्सिजिनेज हे विकर (एन्झाइम) तेलावर काम सुरू करतं, म्हणून. तेच ८० अंशांच्या वरच्या पाण्यात वाटलं तर विकर निकामी होतं आणि वास बराच कमी येतो. पण उष्णतेने प्रथिनंही घट्ट होतात, चोथ्यात जास्त अडकतात, दुधात कमी उतरतात. म्हणजे चव सांभाळायची की उतारा? उद्योगात गेल्यावर रोज हाच हिशोब करावा लागतो, म्हणून हे प्रात्यक्षिक उरकू नका. तापमान बदलून पुन्हा करून बघा.

प्रथिनं मोजायची केल्डाल पद्धतही नीट समजून घ्या. ती मोजते नायट्रोजन. प्रथिनांचा आकडा गुणाकाराने येतो. नायट्रोजन ६.५ टक्के आला आणि ६.२५ ने गुणलं तर प्रथिनं ४०.६ टक्के, सोयाबीनसाठीच्या ५.७१ ने गुणलं तर ३७.१. नमुना तोच! पाकिटावरचा आकडा वाचताना हे कायम डोक्यात ठेवा.

रसायनशास्त्राइतकंच यंत्रांकडेही लक्ष द्या. सोया चंक्स एक्स्ट्रूडरमधून निघतात, म्हणजे स्क्रूने पीठ दाबत, तापवत साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून. ओलावा, तापमान किंवा स्क्रूचा वेग जरा बदलला की पोत बदलतो. हे वहीतून कळत नाही.

पुढे शिकायचं तर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेची एम.एस्सी. आहे; एम.टेक. करायचं तर गेट परीक्षेच्या एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) पेपरात फूड टेक्नॉलॉजीचा विभाग आहे. मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीही (आयसीटी) उत्तम.

कॉलेज निवडताना मात्र माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रत्यक्ष जा, पायलट प्लांट (छोटा प्रायोगिक कारखाना) दाखवा म्हणा, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: एक्स्ट्रूडर तुम्ही स्वतः चालवता की नुसता लांबून बघता?