साप चावला तर "नशिबात होतं" म्हणण्याआधी हे करा

गावाकडे साप चावून कोणी गेलं की म्हणतात वेळ भरली होती, आणि वाचला तर काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मला हे पटत नाही. साप नेमका तुमच्याच अंथरुणात शिरला हा योगायोग मानू, पण त्यापुढचे दोन तास नशिबाचे नाहीत, आपले आहेत.

पहिलं म्हणजे माणसाला चालवत नेऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पायातला काळा दोरा लगेच काढा कारण सूज आली की ते रुततं, मग चावलेला हात किंवा पाय फळीला नाहीतर जाड पुठ्ठ्याला ओढणीने बांधा, फक्त हलू नये एवढंच, रक्त थांबेल असं आवळायचं नाही. ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, मांत्रिक, यात वेळ घालवू नका प्लीज. 108 लावा आणि निघतानाच दवाखान्यात फोन करून अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आहे का विचारा. साप पकडत बसू नका, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन आहे.

मण्यारचं खास सांगतो, दात इतके बारीक की बरेचदा खूणच दिसत नाही, दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड होतायत, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर अ‍ॅसिडिटी समजून गोळी देऊ नका, सरळ उचला आणि न्या. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून.