अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनरचं लायसन्स: या चुका टाळा

बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या इंटर्नशिपमध्ये असलेल्या, खेळाची आवड असलेल्या बऱ्याच मुलामुलींच्या मनात हल्ली अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचं असतं. काम मोठ्या मोलाचं आहे. शाळा-कॉलेजच्या मैदानावर खेळाडू कोसळला की सगळ्यात आधी त्याच्यापाशी पोहोचणारी व्यक्ती तीच. डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली दुखापत ओळखणं, जागेवर उपचार, मग रिहॅब आणि खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवणं, हे सगळं तिच्याकडे असतं. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही याला स्वतंत्र आरोग्यव्यवसाय म्हणून मान्यता दिली.

वाट तीन टप्प्यांची आहे: मान्यताप्राप्त पदवी, मग बीओसी म्हणजे बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा, आणि शेवटी राज्याचं लायसन्स. चांगले विद्यार्थी अडकतात ते बहुतेक वेळा या टप्प्यांच्या सांध्यांवर.

नाव बघून कोर्स घेणं

ही सगळ्यात महागडी चूक, कारण ती लक्षात येते तेव्हा फी भरून झालेली असते. बीओसीच्या परीक्षेला बसायचं तर सीएएटीई या अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला कोर्स लागतो. पूर्वी बॅचलर्स चालायची. पदवीची पातळी वाढवायचं २०१५ मध्ये ठरलं आणि २०२२ च्या फॉल सत्रानंतर बॅचलर्सचे नवे प्रवेश थांबले. आता साधारण दोन वर्षांची मास्टर्स हाच रस्ता आहे.

एक्सरसाइज सायन्स, कायनेसिऑलॉजी, स्पोर्ट्स मेडिसिन हे कोर्स त्याच विभागात, त्याच इमारतीत चालतात. पण तेवढ्यावर परीक्षेला बसता येत नाही. आणखी एक फसगत म्हणजे ‘पोस्ट-प्रोफेशनल’ कोर्स. तो आधीच सर्टिफाइड असलेल्यांसाठी असतो, आणि डॉक्टरेटचे बरेच कोर्स याच प्रकारात येतात. तुम्हाला हवा तो ‘प्रोफेशनल’ पातळीचा. सीएएटीईच्या यादीत कोर्सचं नाव, त्याची पातळी आणि तो प्रोबेशनवर (म्हणजे मान्यता धोक्यात) आहे का, या तिन्ही गोष्टी स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर विसंबू नका.

बीपीटीएच किंवा स्पोर्ट्समधली एमपीटी (फिजिओथेरपीची मास्टर्स) आहे म्हणून थेट परीक्षा देता येईल, असंही काही जण धरून चालतात. तसं नाही. बीओसीचा परस्पर मान्यतेचा करार कॅनडा आणि आयर्लंडसारख्या मोजक्या देशांतल्या संस्थांशी आहे, भारताशी नाही. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायचं तर त्याचं लायसन्स वेगळं, परीक्षाही वेगळी.

प्रत्येक मान्यताप्राप्त कोर्सला आपला निकाल वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांचं तीन वर्षांचं एकत्रित प्रमाण ७० टक्के तरी असावं, ही सीएएटीईची अट आहे. रँकिंग बघण्यात जेवढा वेळ घालवता त्याच्या निम्मा वेळ या तक्त्याला द्या. किती जण मधेच सोडून गेले, किती जणांना नोकरी लागली, हेही तिथेच दिसतं.

बारावीचं केमिस्ट्री पुरेल असं समजणं

प्रवेशाआधी बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे विषय कॉलेज पातळीवर झालेले लागतात. बीपीटीएचवाल्यांची अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी भक्कम असते. घोडं अडतं ते केमिस्ट्री आणि फिजिक्सवर. आपण ते बारावीला केलेले असतात आणि बारावी तिकडे शाळेत धरली जाते. बायोकेमिस्ट्री किंवा इलेक्ट्रोथेरपीतलं फिजिक्स मोजायचं की नाही, ते त्या त्या विद्यापीठावर आहे. म्हणून अर्ज करण्याआधी कोर्सच्या डायरेक्टरला सिलॅबसची प्रत पाठवून लेखी उत्तर घ्या. ‘नाही’ आलं तर तो एखादा विषय आधी पूर्ण करायला हाताशी वेळ राहतो.

नावाचा घोळ मागे ठेवून जाणं

आपल्याकडच्या मार्कशीटवर बहुतेक वेळा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि वेगळ्या ओळीत आईचं. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला असेल तर पदवीवर एक नाव आणि व्हिसावर दुसरं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि लायसन्सच्या अर्जात तोच घोळ पुन्हा वर येतो. पासपोर्टवरचं नाव हेच सगळीकडे वापरायचं असं पहिल्या दिवशी ठरवा. नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला, गरज असेल तर इंग्रजी भाषांतरासह, सोबत न्या. तिकडे बसून विद्यापीठातून कागद काढायचे म्हणजे कोणाला तरी रजा टाकून खेटे घालावे लागतात.

फिजिओच्या डोक्याने परीक्षा देणं

परीक्षा १७५ प्रश्नांची, चार तासांची. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मिळतात आणि ५०० ला पास. परीक्षा वर्षातल्या ठरावीक काळातच होते. त्यामुळे नापास झालात तर पुढच्या खेपेपर्यंत थांबणं आलं.

आपल्या मुलांचा रिहॅबचा भाग पक्का असतो, मार जातो आणीबाणीच्या प्रश्नांवर. एक उदाहरण घ्या. ऑगस्टची दुपार, अमेरिकन फुटबॉलचा सराव. एक खेळाडू बरळायला लागतो, अडखळतो, खाली बसतो. अंगाला घाम आहे. आपलं शिक्षण सांगतं: सावलीत न्या, पाणी द्या, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि लगेच हॉस्पिटलला पाठवा. यात शेवटची पायरी घातक ठरू शकते. व्यायामातल्या उष्माघाताचा नियम ‘आधी थंड करा, मग हलवा’ असा आहे. तापमान गुदद्वारातूनच मोजायचं, कारण कपाळ, काख, तोंड इथले आकडे अशा वेळी भरवशाचे नसतात. ४०.५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर आकडा आणि सोबत असं भ्रमिष्ट वागणं दिसलं की बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवायचं, पाणी सतत ढवळत ठेवायचं आणि ३८.९ पर्यंत उतरलं की बाहेर काढायचं. अ‍ॅम्ब्युलन्स तोवर आलेली असली तरी तिला थांबवायचं. अंग घामेजलेलं आहे म्हणून उष्माघात नाही, असं म्हणणाऱ्याचा इथे गुणही जातो आणि मैदानावर जीवही जाऊ शकतो.

मानेच्या दुखापतीचंही तसंच. हेल्मेट आणि शोल्डर पॅड घातलेल्या खेळाडूचा श्वासमार्ग मोकळा करायला फेसमास्क, म्हणजे हेल्मेटची तोंडापुढची जाळी, कसा काढायचा, हे वाचून कळत नाही. पहिल्याच सत्रात लॉकर रूममधलं जुनं हेल्मेट मागून घ्या आणि स्क्रू काढायचा सराव हाताला बसेपर्यंत करा. क्लिनिकल पोस्टिंग निवडायची मुभा असेल तर ऑर्थोपेडिक क्लिनिकऐवजी आधी हायस्कूल फुटबॉल घ्या.

निकाल हवा तसा आला नाही तर सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचत बसू नका. कोणत्या विभागात कमी पडलात ते गुणपत्रकात दिसतं, तिथून सुरुवात करा.

परीक्षा पास म्हणजे लायसन्स मिळालं असं मानणं

बीओसीचं सर्टिफिकेट आणि राज्याचं लायसन्स या वेगळ्या गोष्टी आहेत. टेक्ससने १९७१ मध्ये लायसन्स सुरू केलं. आज जवळपास प्रत्येक राज्यात कायदा आहे. कॅलिफोर्निया वर्षानुवर्षे अपवाद राहिलं. बहुतेक राज्यांत लायसन्स हातात येण्याआधी खेळाडूवर उपचार करणं बेकायदा ठरतं, मग मालक कितीही म्हणो की ‘कागद येतीलच’. टेक्ससमध्ये राज्याच्या कायद्यावर वेगळी परीक्षा आहे, फ्लोरिडात बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासतात.

परदेशी विद्यार्थ्याला इथे दुहेरी फटका बसतो. ओपीटीत, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायच्या तात्पुरत्या परवानगीच्या काळात, नोकरीविना जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि लायसन्सची वाट बघत घालवलेले दिवसही त्यात मोजले जाऊ शकतात. शिवाय अनेक राज्यांच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात, जो कॅम्पसवर कधीच पगारी काम न केलेल्याकडे नसतो. ओपीटीच्या अर्जातच त्या क्रमांकाची विनंती करण्याची सोय आहे, तो रकाना कोरा सोडू नका. शक्य असेल तर शेवटच्या सत्रातच परीक्षा द्या, राज्य लवकर ठरवा आणि ओपीटीची सुरुवातीची तारीख कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून मगच टाका. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली कोणतीही तारीख निवडता येते.

नूतनीकरण विसरणं

दर दोन वर्षांनी ५० सीईयू (चालू शिक्षणाचे गुण) लागतात. त्याहून जास्त लोक अडकतात ते आणीबाणीच्या हृदयउपचारांच्या कार्डावर. ते एक दिवसही खंडित होऊन चालत नाही, आणि नुसत्या ऑनलाइन कोर्सचं कार्ड ग्राह्य धरत नाहीत; प्रात्यक्षिक द्यावंच लागतं. संघासोबत दुसऱ्या राज्यात गेलात तर अमेरिकेच्या २०१८ च्या केंद्रीय कायद्याने तुमच्या व्यावसायिक (मालप्रॅक्टिस) विम्याचं संरक्षण टिकतं, पण ते आपल्या संघाच्या खेळाडूंपुरतं. आणि भारतात फिजिओथेरपीची नोंदणी असेल तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे ती चालू ठेवा, परत आल्यावर प्रॅक्टिससाठी तीच लागणार आहे.