गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर थेरपी घेताय? या चुका टाळा

"आधी डिलिव्हरी होऊन जाऊ दे, मग बघू." बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे. बाळ आलं की दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीचं जागरण, भेटायला येणाऱ्यांची रीघ. अशात नवा थेरपिस्ट शोधायचं, फी विचारायचं, वेळ ठरवायचं त्राण कुणात उरतं? शिवाय बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतो ते बऱ्याच जणींना गरोदरपणातच सुरू झालेलं असतं. म्हणून माणूस शोधणं, पैशाचं बोलणं आणि पहिली दोन-तीन सत्रं सातव्या महिन्यापर्यंत उरकून घ्या. डोहाळजेवणाचा हॉल आपण त्याच्याही आधी पाहून ठेवतोच.

दुसरी चूक म्हणजे "सगळ्यांनाच रडू येतं" म्हणून गप्प बसणं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, तर गायनॅककडे एडिनबर्ग प्रश्नावली मागा, म्हणजे बाळंतपणातलं नैराश्य ओळखायची प्रश्नावली. १० प्रश्न, ३० गुण. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, तिथे खोटं लिहू नका. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासा, कारण त्यांच्या बिघाडातही अशीच मरगळ येते. पण बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही, आवाज ऐकू येतात, घरच्यांवर भलतेच संशय येतात, बाळाबद्दल विचित्र कल्पना सुचतात, तर प्रकरण थेरपीचं नाही. हजार बाळंतपणांत एक-दोन वेळा असं होतं. उतारे करत बसू नका, त्याच दिवशी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. व्हॅल्प्रोएटसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध गरोदरपणात टाळतात हे खरं, पण सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध आईच्या दुधात फारच कमी उतरतं. सायकिॲट्रिस्ट आणि गायनॅक यांना एकमेकांशी बोलून ठरवू द्या.

पैशाचा भाग

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत पाट्या भरपूर आहेत, पण 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोच कसला? सोनाराला हॉलमार्क विचारतोच ना आपण.

फोनवरच विचारून घ्या: सत्र किती मिनिटांचं, फी किती, ऑनलाइनची तीच का, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात का. हा शेवटचा प्रश्न बाळंतिणीसाठी कळीचा. कुठे २४ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी लागते, आणि तान्हं बाळ २४ तास आधी काहीच कळवत नाही! याच कारणाने दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. स्वस्त दिसतं, पण बाळ झाल्यावर निम्मी सत्रं वाया जाऊ शकतात. समजा फी १,२०० रुपये आहे; आठवड्याला एक म्हटलं तर महिन्याचे ४,८००. परवडत नसेल तर पंधरा दिवसांनी एक चालेल का, फीत सवलत मिळेल का, हे विचारा. बरेच जण देतात, फक्त आपणहून सांगत नाहीत.

विम्याचंही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. तासाभराच्या सत्राचे पैसे ओपीडी कव्हर (भरती न होता घेतलेल्या उपचारांचं संरक्षण) असेल तरच मिळतात. ते असेल तर दर सत्राची नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्या.

सरकारी सोय विसरू नका. नागपुरात मेडिकल, मेयो (दुसरं सरकारी रुग्णालय), मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलं की भरतीच करून टाकतात, हा निव्वळ गैरसमज. मात्र गर्दीच्या ओपीडीत निवांत बोलायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून निदान आणि गोळ्या तिकडे, आणि वाचलेल्या पैशातून सत्रं खाजगीत, हा मेळ मला जास्त व्यवहारी वाटतो. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

माहेरी गेल्यावर

नागपुरात सुरू केलेली थेरपी वर्ध्याच्या किंवा गोंदियाच्या माहेरी जाऊन हमखास तुटते. सवा महिना खोलीत बाळंतीण एकटी अशी नसतेच. आई, मावशी, शेजारच्या काकू, कुणीतरी असतंच. जाण्याआधीच थेरपिस्टशी फोनवरच्या सत्राचं ठरवा आणि आईला एवढंच सांगा: "मंगळवारी चार वाजता डॉक्टरांचा फोन असतो, तेवढा वेळ बाळाला तू घे." 'डॉक्टरांचा फोन' म्हटलं की कुणी फाटे फोडत नाही. उन्हाळ्यात बाळंतपण असेल तर कूलरची घरघर कामाला येते, दाराबाहेर शब्द जात नाही. पण मग माइकवाले इअरफोन लागतातच, नाहीतर पलीकडच्यालाही काही ऐकू येत नाही.

नोकरी असेल तर आणखी एक गोष्ट. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेखेरीज, गरोदरपण किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी कायद्यात एक महिन्यापर्यंतची पगारी रजा आहे. त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ते रजा संपायच्या आतच मागून ठेवा.