डिकीत बास खडखडतोय? वूफरला शेवटी हात लावा

"वूफर फाटलाय, नवीन टाका" असं सांगत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, ठणठणीत असतो. खडखडत असते ती गाडी. म्हणून माझा पाना पहिल्यांदा वूफरला लागत नाही.

आधी डिकी रिकामी करा. जॅक, टॉमी, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर. स्टेपनी घट्ट आवळा. मग मोबाईलवर टोन जनरेटरचं (एकच सूर सलग वाजवणारं) ॲप घ्या आणि 20 हर्ट्झपासून 100 पर्यंत सावकाश वर जा. गाणं लावून हा दोष सापडत नाही, कारण गाण्यातला बास येतो आणि निघून जातो. आकड्यावर थांबलेला टोन मात्र तुम्हाला शोधायला वेळ देतो. समजा 43 ला खडखड सुरू झाली, तर तिथेच थांबा. आवाज मध्यमच ठेवा. मोठ्या आवाजात एकच टोन बराच वेळ चालला तर वूफरच्या आतली तारेची कॉइल तापते.

आता एकाने आतून आणि दुसऱ्याने बाहेरून तळहात दाबत फिरायचं: नंबर प्लेट, डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक, पार्सल ट्रे, मागच्या सीटचं लॉक, सीटबेल्टचं बक्कल. हात ठेवल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. हायसिक्युरिटी नंबर प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने लावलेली असते, ती काढू नका; कडेने फोमची पट्टी आत सरकवा. प्लास्टिकच्या क्लिपा सैल असतील तर नव्या बसवा. पत्राच थरथरत असेल तर आतून थरथर दाबणारी चिकट रबरी ब्युटाईल शीट लावा, पण आधी पत्रा थिनरने पुसा, नाहीतर उन्हाळ्यात शीट सुटते.

गाडीत काहीच सापडलं नाही, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून वूफरचा बॉक्स बाहेर घ्या. घरातल्या ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर), किंवा लांब वायर आणि बॅटरीची केबल परत जोडून गाडीच्याच ॲम्पवर, जमिनीवर ठेवून वाजवा. बाहेर स्वच्छ वाजला तर परत गाडीकडे वळा. बाहेरही खडखडला, तर बॉक्सच्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवा. हवा जिथून सुटते तिथे धूर हलतो. बारीक फट असेल तर एमडीएफचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून आतून भरा आणि पूर्ण दिवस सुकू द्या. घाईत बंद केलेला बॉक्स परत तोंड उघडतो.

आता वूफर. दोन्ही हातांची बोटं कोनावर (वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवा आणि सगळीकडून सारखा दाब देत हळू आत ढकला. एका बाजूने दाबलं तर चांगली कॉइलही घासते आणि तुमचा अंदाज चुकतो. सारख्या दाबातही खरखर ऐकू आली तर स्क्रू थोडे सैल करून पुन्हा ढकलून बघा. ओबडधोबड बॉक्सवर स्क्रू जास्त आवळले की फ्रेम पिळते आणि कॉइल घासू लागते. अशा वेळी खाली गॅस्केटची मऊ पट्टी टाकून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. मला ही दुरुस्ती फार आवडते. फारसा पैसा न घालता वूफर वाचतो.

कोन वेगाने हलताना टपटप येत असेल, तर टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणारी विणलेली तार बघा. ती कोनाला किंवा स्पायडरला (कोनामागच्या घड्यांच्या कापडाला) आपटत असते. आपटते तिथे रबर ॲडेसिव्हचा ठिपका द्या, पण तारेतला झोल राहू द्या, नाहीतर ती ताणून तुटेल. कडेचं रबर सुटलं असेल तर तेच ॲडेसिव्ह चालतं. कोनाच्या मधली डस्ट कॅप सुटली आहे का, तेही नखाने तपासा.

मल्टिमीटरवर 4 ओहमची कॉइल साधारण 3 ते 4 दाखवते. डबल कॉइल असेल तर दोन्ही वेगळ्या मोजा. काहीच आलं नाही तर कॉइल तुटली. स्क्रू सैल करूनही खरखर गेली नाही, तर कॉइल जळून फुगली असण्याची शक्यता जास्त. महागडा वूफर असेल तर कॉइल-कोन बदलून घ्या, स्वस्तातला असेल तर नवीन घेणंच परवडतं.

बसवल्यावर ॲम्पचा बास बूस्ट शून्यावर आणि लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवा. स्टिरिओ पाऊण आवाजावर नेऊन ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) हळूहळू वाढवा. बास कर्कश होऊ लागला की तिथून मागे या. पोर्टचा (हवेची नळी असलेला) बॉक्स असेल तर अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टरही चालू करा, कारण पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याखाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट धावतो.