अपघातानंतर घाई कशाची करावी, कशाची करू नये

गोव्यात पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गेलेल्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर किंवा चोर्ला घाटातल्या एखाद्या वळणावर अपघात झाला की पाहता पाहता माणसे जमतात आणि जखमीला गाडीबाहेर ओढून काढण्याची धडपड सुरू होते. हेतू चांगला असला, तरी मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसाचे या ओढाताणीत कायमचे नुकसान होऊ शकते. रुग्णवाहिका बोलावणे, वाहते रक्त थांबवणे आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे, एवढ्याच बाबतीत घाई करावी.

आपण स्वतःच अपघातग्रस्त गाडीत असाल, तर प्रथम इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा आणि धोक्याचे दिवे लावावेत. एअरबॅग फुटल्यावर गाडीत पांढरट भुकटी पसरते व जळका वास येतो. तो आगीचा धूर समजून घाबरून वाहत्या रस्त्यावर उडी टाकू नये. इंधनाचा वास येत असेल किंवा बॉनेटखालून खरोखरच धूर निघत असेल, तर मात्र क्षणभरही न थांबता वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून दूर जावे. चालता येत असल्यास कठड्यापलीकडे किंवा रस्त्याच्या कडेला उभे राहावे, कारण मागून येणारे वाहन धडकून दुसरा अपघात होण्याचा धोका मोठा असतो.

मदतीसाठी थांबणाऱ्यानेही आपली गाडी अपघातस्थळाला खेटून उभी करू नये. धोक्याचा त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा आणि वेगवान महामार्गावर त्याहूनही दूर. घाटात मात्र मीटर मोजण्यापेक्षा तो वळणाच्या अलीकडे ठेवणे महत्त्वाचे असते, कारण वळण घेतल्यावर दिसलेल्या त्रिकोणाचा चालकाला काहीच उपयोग होत नाही. त्रिकोण नसेल, तर झाडाच्या फांद्या टाकण्याची आपल्याकडची जुनी रीत वाईट नाही. फक्त वाट मोकळी झाल्यावर त्या उचलायला विसरू नये.

पावसाळ्यात गाडी वीजखांबावर आदळून तार तुटलेली असेल, तर तारेपासून आणि तिला टेकलेल्या गाडीपासून निदान १० मीटर दूर राहून ११२ वर कळवावे. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत गाडीला हात लावू नये आणि आतल्या लोकांना, आग लागलेली नसल्यास, आतच बसून राहण्यास सांगावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस किंवा अग्निशमन दलासाठी ११२ हे क्रमांक आहेत. फोनवर ठिकाण नेमके सांगणे हे अर्धे काम आहे. ‘महामार्गावर’ एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या गावाची हद्द, जवळचे देऊळ, चॅपल, तिठा किंवा पेट्रोलपंप आणि गाडी कोणत्या दिशेला चालली होती, हे सांगावे. भाड्याच्या गाडीतून फिरणाऱ्या पर्यटकाला बहुधा हे सांगता येत नाही, म्हणून फोन स्थानिक माणसाने हाती घ्यावा. जखमी किती, कोणी शुद्धीवर नाही का, कोणी गाडीत अडकले आहे का, हे सांगून पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

रक्त वाहत असेल, तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे मिळेल ते जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावे. कापड भिजले तरी ते उचलून जखम पाहू नये. त्यावरच दुसरी घडी ठेवून दाब कायम ठेवावा. अंगात रुतलेली काच किंवा लोखंड उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. माणूस बेशुद्ध असून श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर कठीण जागी निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत थांबू नये. दुचाकीस्वाराचे हेल्मेट श्वास अडत नसल्यास काढू नये. पाणी पाजण्याचा आग्रह तर कोणीच धरू नये: ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास भूल देताना अडचण होते.

जखमीला म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात न्यावे की थेट बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात), याचा निर्णय रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांवर सोपवावा.

पोलिसांच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या धास्तीने अनेक जण गाडी न थांबवता पुढे जातात. ही धास्ती आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार, सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या दुखापतीबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही आणि त्याला इस्पितळात अडकवूनही ठेवता येत नाही.

अपघातातील चालकाची गोष्ट वेगळी. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात खबर देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. जमाव खवळलेला असेल, तर घटनास्थळी थांबणे कायद्यालाही अपेक्षित नाही. अशा वेळी त्याने सरळ ठाणे गाठावे. जखमींची सोय लागल्यावर दोन्ही वाहनांची, क्रमांक-पाट्यांची आणि टायरच्या खुणांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि विमा कंपनीला कळवावे.

‘काही झाले नाही’ म्हणत घरी गेलेल्यांवरही पुढचे एक-दोन दिवस घरच्यांनी लक्ष ठेवावे. डोकेदुखी वाढत जाणे, उलट्या, असंबद्ध बोलणे, अवेळी गुंगी किंवा पोटात दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता इस्पितळात जावे आणि तेथे अपघात झाल्याचे आधी सांगावे.