दिव्यांग दाखल्याचं अपील: डॉक्टरांच्या कागदांबाबत या चुका टाळा

वैद्यकीय बोर्डाने दाखल्यावर दिव्यांगत्व ३८ टक्के लिहिलं की घर हादरतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये बऱ्याच सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर आहे आणि केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० लागतात. याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. जळगाव-धुळ्याकडच्या लोकांना अशी अपिलं लिहून देताना मला नेहमी दिसतं, गठ्ठा जाड असतो, पण त्यात मोजमाप सापडत नाही.

‘काम करता येत नाही’ एवढीच चिठ्ठी. हिला वजन कसं येणार? गुडघा किती अंश वाकतो, हाताची ताकद किती, तपासणी कधी केली, कोणत्या एक्स-रेवरून हे मत झालं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक हवा. दोन वर्षं उपचार करणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण जास्त माहीत असतो, पण पहिल्या भेटीची तारीख आणि मधल्या तपासण्या कागदावर आल्या तरच ते अपिलात दिसतं.

टक्का कशाचा, हेच न लिहिणं. कडबाकुट्टीत बोटं गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर नुसता आकडा असतो. तो हाताचा की संपूर्ण शरीराचा? अपघात भरपाईच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे की अवयवाचं अपंगत्व, शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्याच्या अपिलात कमाई मोजत नाहीत, म्हणून ‘मजुरी बुडाली’ यावरच सगळा अर्ज रचू नका.

टक्क्यांची सरळ बेरीज. पायाचे ३० आणि कानाचे १८ म्हणजे ४८ होत नाहीत. मोठा आकडा अधिक, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०, असं सूत्र आहे. ३० अधिक १२, म्हणजे ४२. रेघ ओलांडली! म्हणून बोर्डाने कान मोजलाच का, हे आधी पाहा. बऱ्याच अपिलांचा खरा मुद्दा इथेच असतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात एकाच दिवसाच्या तपासणीवर विसंबणं. अक्कलकुवा-धडगावकडे हे फार घडतं. हा आजार कायद्याच्या २१ प्रकारांत आहे, पण दुखणं येतं-जातं; बोर्डापुढे उभा राहिलेला मुलगा त्या दिवशी ठणठणीत दिसू शकतो. दवाखान्यात भरती झाल्याचे आणि रक्त चढवल्याचे कागद तारखेप्रमाणे लावा. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी फक्त चाळणी आहे, तिने खात्री होत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या खात्रीच्या रक्तचाचणीचा अहवाल जोडा. नुसता वाहक (आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेला) असल्याच्या अहवालाने काम होत नाही.

ओपीडीत ‘काही नही, चालस’ म्हणणं. आपल्या माणसाला दुखणं सांगायची लाज वाटते. डॉक्टर मग ‘तक्रार नाही’ असं लिहितात आणि वर्षभराने तेच वाक्य अपिलात आडवं येतं. किती पायऱ्या चढता येतात, पाण्याची कळशी उचलता येते का, हे स्पष्ट सांगा.

विरोधी नोंद असलेला कागद लपवू नका. दुसऱ्या डॉक्टरांना तो दाखवून फरक का पडला हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या: तेव्हा सूज नव्हती, नंतर शस्त्रक्रिया झाली, जे खरं असेल ते.

अपिलाची मुदत राज्याचे नियम ठरवतात. दाखला हातात पडला त्या दिवशीच त्याच्या मागे तारीख टाका आणि मुदत विचारून घ्या.