तासिका तत्त्वावरून ॲडव्हायझिंगकडे

अमेरिकेतल्या विद्यापीठांत अकॅडमिक ॲडव्हायझर, म्हणजे विद्यार्थ्यांना विषय निवडायला आणि पदवीची आखणी करायला मदत करणारा सल्लागार, अशी नोकरी असते, हे तिशी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. आता ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात मी हेच काम करते. नव्याने आलेल्या मुली ‘यात शिरायचं कसं?’ असं विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

माझं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातलं. नाशिकजवळ ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत आम्हाला ऑफिसात मदतीला बसवत. ‘मॅडम, गणित सोडलं तर पुढे काय काय बंद होईल?’ हा प्रश्न मी तिथे ऐकला, आणि आजही रोज तोच ऐकते. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत आले. या व्हिसावर शिकता येतं, नोकरी नाही. २०१५पासून, जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा एक अर्ज) मंजूर असेल तर कामाचा परवाना मागता येऊ लागला. तोवर कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्राचे वर्ग केले, वाचनालयात विनामोबदला काम केलं.

परवाना हातात आल्यावर मिळाली ती रजिस्ट्रारच्या काउंटरवरची नोकरी. दिवसभर ट्रान्स्क्रिप्ट, फी थकली म्हणून लागलेले होल्ड (नावनोंदणीवरची अडवणूक), चुकलेल्या तारखा. एम.एस्सी. करून काउंटरवर बसायचं का, असं घरून विचारलं गेलं. पण विद्यापीठाचे नियम जितके त्या खिडकीत कळले, तितके पुढे कुठल्याच वर्गात कळले नाहीत. कर्मचाऱ्यांना फीमध्ये सवलत होती, तिच्या आधारावर संध्याकाळच्या वर्गांतून उच्चशिक्षण प्रशासनातलं मास्टर्स केलं.

प्रत्यक्ष काम कसं असतं? ऑक्टोबरात एखादा मुलगा येतो, ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री ड्रॉप करायचीय.’ बटण दाबायला मिनिट पुरतं. पण तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल आणि त्या सत्रात १२ क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजायचं एकक) खाली गेला, तर व्हिसाच अडचणीत येतो, म्हणून आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात पाठवायचं. सरकारी आर्थिक मदत घेणारा असेल, तर घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात, तो हिशेब मांडायचा. पुढचा विषय याच विषयावर उभा असेल, तर पदवी किती लांबेल ते डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याच्या तक्त्यात, दाखवायचं. एवढं झालं की पेन खाली ठेवायचं आणि थोडं थांबायचं. मग बरेचदा खरी गोष्ट बाहेर येते: डॉक्टर व्हायचं आईवडिलांनी ठरवलंय, याला नाही व्हायचं. माझ्या मते या कामाचा गाभा हे थांबणं आहे, आणि ते मी शिकवताना शिकले.

आपल्याकडच्या पालकांचेही फोन येतात. ‘फी आम्ही भरतो, मार्क का सांगत नाही?’ विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४च्या फेर्पा कायद्यामुळे मुलाच्या लेखी संमतीशिवाय सहसा काही सांगता येत नाही. त्यांची काळजी मला कळते. मी त्यांना मुलाशीच बोलायला सांगते, आणि मुलालाही घरी फोन करायला सुचवते.

आता शिरायचं कसं. ॲडव्हायझरची जागा थेट मिळेल असं धरून बसू नका. प्रवेश विभाग, रजिस्ट्रार, आर्थिक मदतीचं ऑफिस, एखाद्या विभागातली सहायकाची जागा, जिथे दार उघडेल तिथून आत या. बऱ्याच जागांना कुठलीही पदवी चालते, मास्टर्सला झुकतं माप असतं. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन आधीच करून ठेवा. कॅन्सस स्टेट विद्यापीठात मुख्यालय असलेली नकाडा ही ॲडव्हायझरांची संघटना १९७९पासून आहे, तिचं साहित्य वाचा. पगार आयटीच्या जवळपासही नसतो, हे मनाशी पक्कं करूनच या. एक जमेची बाजू मात्र फार कुणी सांगत नाही: विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याची मर्यादा लागू नाही.

मुलाखतीत हमखास विचारतात, ‘तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलायचंय, काय कराल?’ क्रेडिटच्या हिशेबापासून सुरुवात करू नका. आधी त्याला काय विचाराल, ते सांगा. आणि त्या विद्यापीठाचा कॅटलॉग, म्हणजे अभ्यासक्रम आणि नियमांची पुस्तिका, आदल्या आठवड्यात नीट वाचून जा. विद्यार्थ्याला बहुधा तो दाखल झाला त्या वर्षीचा कॅटलॉग लागू होतो, हे माहीत असलेला उमेदवार लगेच ओळखू येतो.